यारी तुटू न दिल्याची हकीकत

पुढील शहाण्यांनी हसू नये, हसलेच तर दार लावून हसावे, म्हणून घडले तैसे लिहून ठेविले ऐसे जे: खासे गॅरेजाधिपती, पानाबहाद्दर, स्क्रू-ए-आझम यांचे पदरी वडिलार्जित मोटार एक होती. ती कित्येक वर्षे एकाच जागी बैसोन निम्मा मुलूख बळकावून होती, आणि उरल्या मुलखात वॉशिंग मशीन जीव मुठीत धरून नांदत होते. मग घरधनीणबाईसाहेबांचा निर्वाणीचा हुकूम सुटला की, रविवारपर्यंत इंजिन निघून दुरुस्तीस न गेल्यास मोटार भंगारवाल्याचे हवाली होईल, उजर चालणार नाही.

आता इंजिन उचलावयाची चेनकप्पी भिंतीपल्याड, खाशांचा बालमित्र जो वेल्डर, त्याचे घरी तयार टांगलेली होती. परंतु वेल्डराने सदरहू मोटारीस एकदा "डबडं" म्हटले, तेव्हापासून उभय दौलतींत बोलणे बंद. बाईसाहेबांनी मसलत दिली, "अहो, तोंड उघडा आणि कप्पी मागा!" खाशांनी तोंडाऐवजी हत्यारांची पेटी उघडली.

मग मुलांचा लोखंडी झोपाळा मोडिला, आणि त्याचे पाइप जोडून चौकट उभारिली, आणि वर जुनी कप्पी व दोर चढविला. आणि क्रेन म्हणणे दौलतीस कमीपणा, ऐसे मनी आणून शब्दकोश उघडिला व "यारी" हे नाव मुक्रर केले. कोशाबाहेर हा शब्द लोक दोस्तीस वापरतात, याचा खाशांस विसर पडला होता. सराव सुटला होता.

रविवारी लढाईस तोंड लागले. खासे जातीने दोर ओढू लागले, आणि इंजिन उठले, आणि त्याजसवे बॉनेट, दिवे आणि पुढील दोन्ही चाकेही उठली; कारण इंजिन जखडणारा एक बोल्ट काढावयाचा राहिला होता. खाशांनी हा दुप्पट पराक्रम मानून मिशीस पीळ द्यावया एक हात सोडिला, तो आडवा पाइप वाकला. दोर सोडावा तर वडिलांची मोटार आपटते, धरावा तर पाइप मोडतो. बाईसाहेबही दोरास लटकल्या आणि म्हणाल्या, "सांगत होते मी!" परंतु या दारूगोळ्याने पाइप सरळ जाहला नाही. मग खाशांनी आळी हादरेल ऐसा टाहो फोडिला, "धावा रे! यारी तुटतेय! यारी तुटू देऊ नका!"

वेल्डराने ते ऐकिले. त्याचे घरी कोश नव्हता. तो हातचा चहा फेकून भिंतीवरून उडी टाकोन आला, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाला, "गाढवा, अशी तुटते होय रे आपली यारी? नुसती हाक मारायचीस की!"

खाशांनी खुलाशास तोंड उघडिले. बाईसाहेबांनी पायावर पाय दिला. तोंड मिटले.

मग तिघांनी मोटार अलगद उतरविली, आणि खरी कप्पी आली, आणि राहिलेला बोल्ट निघाला, आणि इंजिन निमूट वर आले. वेल्डराने वाकल्या चौकटीकडे बोट करून पुसिले, "हे काय डबडं उभं केलंयस?"

"मुलांचा झोपाळा," खासे वदले. "मोडलाय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन इंजिन हस्तगत जाहले आणि मोटार भंगारातून सुटली. कोशातली यारी मात्र त्याच भंगारवाल्याने नेली. तिचा अर्थ वेल्डरास आजतागायत कोणी सांगितला नाही. सांगेल त्याची गाठ बाईसाहेबांशी आहे. जाणिजे.