खळगेदार टोपीच्या मोहिमेची हकीकत

श्रोते हो, सावधान असावे. राज्ये बुडतात, तख्ते मोडतात, परंतु माथ्यावरील टोपी राहते. आणि टोपी राहिली तरी तिचा अर्थ राहीलच ऐसे नाही. सबब खळगेदार टोपीवर जो बाका प्रसंग गुदरला तो यथास्थित निवेदन करितो. ज्यास हसू येईल त्याने टोपी तोंडावर धरून हसावे.

तरी ही टोपी काळ्या लोकरीची, ताठ, आणि माथ्यावर उजव्या अंगास एक खळगा. तो थोरल्या धन्यांच्या तीर्थरूपांनी प्रथम मिरविला, आणि त्याचा अर्थ चारचौघांत सांगितला तो ऐसा, की शहाण्याने माथ्यावर थोडी जागा रिकामी ठेवावी, दुसऱ्याचा शब्द तेथे मावतो. हे ऐकून गल्लीतील तमाम पुरुषमंडळींनी आपापल्या चांगल्या टोप्या चेपल्या, आणि मग नाक्यावरील टोपीकाराने खळग्यासकटच माल काढिला, आणि बिनखळग्याचा तो उपरा ऐसा रिवाज पडला. सांप्रत मूळ टोपी थोरल्या धन्यांचे माथी. आणि ज्या दिवसाची ही हकीकत, त्या सायंकाळी सभागृहात टोपीचा अर्थ व इतिहास या विषयी त्यांचे व्याख्यान मुक्रर होते.

खासा स्वारी टोपी घरी ठेवून दाढीकरिता न्हाव्याकडे रवाना जाहली. ही संधी साधून नव्या सूनबाईंनी, खळगा ही खोट समजून व सासऱ्यांची मर्जी संपादावी या नेक इराद्याने, टोपी किटलीच्या वाफेवर धरिली, आणि मग पालथ्या पातेल्यावर ओढून बसविली, आणि वरून इस्तरी फिरविली. खळगा नेस्तनाबूद जाहला. सूनबाई हर्षभरे टोपी नवऱ्यास दाखवू गेल्या, आणि त्याचा चेहरा पाहताच त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अजून साखरेचा डबा कोठे हे विचारावे लागते, आणि घराण्याच्या इतिहासास इस्तरी करून बसल्या! डोळ्यांस पाणी आले ते खोटे नव्हते.

मग धाकट्या धन्यांनी मोहीम हाती घेतली. प्रथम मुठीचा मारा केला. खळगा पडला आणि तत्काळ उसळून वर आला. मग बत्त्याने मोर्चा लाविला. तेणे खळगा न होता टेंगूळ आल्यागत दिसो लागले. मग मागील दाराने टोपीकाराची कुमक आणविली. त्याने आपल्या लाकडी साच्यावर टोपी चढविली, उतरविली, आणि हत्यार खाली ठेविले.

"साच्यातला खळगा मधोमध येतो हो. हा एका अंगाला होता. असा मला उभ्या जन्मात जमला नाही."

इतक्यात खिडकीतून खासा स्वारी नाक्यावर दिसली. छावणीत हाहाकार जाहला.

तेसमयी स्वयंपाकघरातून मातोश्री, म्हणजे थोरल्या धन्यांचे कुटुंब, हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टोपी खुर्चीवर ठेविली, जराशी उजवीकडे सरकविली, आणि पाठ फिरवून, कोणासही न पुसता, तीवर बसल्या. उठल्या तो खळगा हुबेहूब, एका अंगास.

"आई, तुम्हाला हे कसं..." सूनबाईंनी विचारिले.

"नवी होते. न बघता बसले," मातोश्री म्हणाल्या. "सगळे बघत राहिले. मी रडतेय हे फक्त सासऱ्यांनी पाहिलं. टोपी उचलून डोक्यावर घातली आणि तो अर्थ जागच्या जागी जुळवला. पूस डोळे."

खासा स्वारी दाखल जाहली. थोरल्या धन्यांनी टोपी मस्तकी धारण केली, सवयीने खळग्यावर बोट फिरविले, आणि थबकले.

"आज जरा खोल वाटतोय."

"इतिहास आहे. वाढायचाच," ऐसा मातोश्रींचा जबाब गेला.

व्याख्यान थोर जाहले. तीर्थरूपांचे वचन उच्चारताच सभेतील तमाम खळगे डोलले, आणि सूनबाईंस पुन्हा रडू फुटले. लोकांनी ते इतिहासाच्या खाती जमा केले.

येणेप्रमाणे खळगा कायम, सूनबाईंची अब्रू कायम, आणि फत्ते सर्वस्वी मातोश्रींची जाहली. सूनबाई मात्र तेव्हापासून खुर्चीवर हात फिरविल्यावाचून बसत नाहीत. ही हकीकत थोरल्या धन्यांस वाचून दाखवू नये, ऐसा मातोश्रींचा सक्त हुकूम असे.