नऊ बादल्यांची गळती

काकूंनी पाण्याची बादली ओट्याखाली टेकवली आणि उभं राहण्याऐवजी तिथेच बसकण मारली. ओढा खाली, वस्ती वर, आणि मधल्या चढानं त्यांच्या गुडघ्यांचं पार वाटोळं केलेलं. चढ बंद करा, नाहीतर पुढे चालणंच बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"रविवारी पंपाचं एकदा ठरू दे," गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवत त्या म्हणाल्या, "की मी सुटले."

"पंप गळतोय," काका म्हणाले.

या काकांना सगळी वस्ती वॉशरकाका म्हणायची. उभा जन्म नळदुरुस्तीत गेलेला. निवृत्त झाले तरी खिशात हात घातला की रुमालाआधी वॉशर निघायचे. कुणाकडे जेवायला गेले आणि कुठे थेंब टपकताना ऐकू आला, तर या माणसाला घास गिळवत नसे.

आणि वस्तीच्या पाणी समितीनं ओढ्यावर आणून बसवला तो नेमका रॅम पंप. आठवडाभर चालवून बघायचा आणि मग ठरवायचं. पंप देणाऱ्या संस्थेकडे यंदा एकच पंप होता. आपण नको म्हटलं, तर तो ओढ्यापलीकडच्या वस्तीला जाणार. त्याला ना वीज लागे, ना डिझेल. पाइपातून जोरात आलेलं पाणी झडपेतून बाहेर सांडायचं, झडप ठक्कन मिटायची आणि त्या धक्क्यानं थोडं पाणी वरच्या टाकीत चढायचं. पुन्हा सांडणं, पुन्हा ठक्, दिवसरात्र.

"दहा बादल्या आल्या तर एक वर चढते," पंप बसवणाऱ्या इंजिनिअरबाईंनी समजावलं होतं.

"आणि नऊ?" काकांनी विचारलं.

"परत ओढ्यात. वाया नाही जात, काका. त्या नऊ जणी मिळून एकीला वर ढकलतात."

काकांनी मान हलवली खरी, पण त्या नऊ बादल्या त्यांच्या डोक्यात टपटपत राहिल्या. बाईंच्या घरचं पाणी असतं तर असं सांडलं असतं का, असं ते येता-जाता म्हणू लागले.

"अहो, ज्यातलं कळत नाही त्यात बोट घालू नका," काकू म्हणाल्या. नळवाल्याला पाण्यातलं कळत नाही म्हटलं, तिथेच माशी शिंकली.

शनिवारी संध्याकाळी काका पाना घेऊन ओढ्यावर उतरले. खिशातले वॉशर त्या झडपेपुढे अगदीच चिल्लर, म्हणून घरून चांगल्या जाड रबराचा तुकडा कापून आणलेला. तो झडपेवर बसवला, वरून पट्टी आवळली. ठकठक थांबली, थेंब गळेना. आवाज गेला म्हणजे दुखणंही गेलं, असं समजून काका शीळ घालत वर आले. एवढं सुरेख काम बघायला कोणी नव्हतं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

रात्रभरात किती भरते ते बघायला समितीनं टाकी मुद्दाम रिकामी करून ठेवली होती. सकाळी अध्यक्षांनी झाकण उघडून आत डोकावलं.

"कोरडी ठाक," ते म्हणाले, आणि इंजिनिअरबाईंना तिथल्या तिथे निरोप गेला, की आम्हाला नको. मग त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "आमचे काका पहिल्या दिवसापासून सांगत होते."

काकांना बाईंचं बोलणं आठवलं. नऊ जणी एकीला ढकलतात, आणि आपण त्या नऊ जणींची वाटच बुजवली. ते धडपडत खाली गेले, पट्टी सोडली, झडप अंगठ्यानं दोन-चारदा दाबली. ठक्. ठक्. पाणी भसाभसा सांडायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच गळती बघून काकांना रडू फुटलं.

तसेच ते धापा टाकत अध्यक्षांच्या दारात गेले.

"चूक माझी आहे. झडप मी बंद केली होती. पंप चांगला आहे हो."

अध्यक्षांनी सावकाश विचार केला. "रबराच्या एका तुकड्यानं बंद पडतो?"

"पडतो."

"मग आपल्याला कसा चालेल? उद्या आणखी कोणी रबर लावेल."

"कोणी नाही लावणार. माझ्याशिवाय हे सुचणार कुणाला?"

"पण तुम्ही इथेच राहणार ना?" अध्यक्ष म्हणाले.



घरी काकू कपाट धुंडाळत होत्या. "अहो, माझी गरम पाण्याची पिशवी पाहिलीत कुठे?"

काकांनी खिशातून रबराचा तुकडा काढून ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. काकूंनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कपाटात पिशवीच्या जागी ठेवून दिला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटलं.

पंप पलीकडे गेला. "आजपासून पाणी मी आणणार," काकांनी सांगितलं आणि दोन्ही बादल्या काठोकाठ भरून ते चढाला लागले. पण हा चढ त्यांनी आजवर भरल्या हातानं कधी चढलाच नव्हता. पाय लटपटले, बादल्या हिंदकळल्या. दारात पोचले तेव्हा चपला पचपच वाजत होत्या आणि धोतराइतकंच पाणी शर्टातही होतं.

काकूंनी बादल्या तिरक्या करून तळाशी पाहिलं. पलीकडच्या काठावरून ठकठक ऐकू येत होती.

"दहातली एक पोचली," त्या म्हणाल्या. "पंपाएवढीच. फक्त तो दमत नव्हता."

मग त्या जरा बाजूला सरकल्या. गुडघा धरून काका त्यांच्याशेजारी बसले. शेकायला पिशवी मात्र नव्हती.