गुरुसिद्धप्पाच्या रानातलं पोर्तुगीज

पंचेचाळिसाव्या वर्षी मी प्रौढ वर्गात मराठी अक्षरं गिरवली. शेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, आता पोर्तुगीज!

कारण सरळ होतं. साखर कारखान्यात मी हंगामी वॉचमन. कायम करणं मिनेझिस साहेबांच्या हातात. साहेब गोव्याचे. त्यांच्या आई, पोर्तुगीज शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई, रविवारी येणार होत्या. फाटकावरच त्यांच्या भाषेत बोललो की नोकरी कायम!

साहेबांच्या गोवेकर खानसाम्याकडून एका सहायक क्रियापदाची रूपं मराठी अक्षरांत लिहून घेतली. सहायक म्हणजे क्रियापदांतला बदली कामगार. दुसऱ्याच्या कामाला नुसतं उभं राहायचं! मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहा रूपं.

पाठ व्हावं म्हणून शेजारच्या गुरुसिद्धप्पाच्या पडीक रानात पावलाला एक रूप म्हणत निघालो.

"तेन्यु! तेंश! तें! तेमुश!"

पाचवं आठवेना. जागीच डोळे मिटून उभा राहिलो. उघडले, तर गुरुसिद्धप्पा माझ्या पायाशी दगड ठेवत होता! त्या साली दुष्काळ होता आणि तीन पाणाड्यांनी त्याच्या रानात असंच पुटपुटत फिरून विहिरीची जागा दाखवली होती. तिन्ही कोरड्या.

"अहो, हे पोर्तुगीज हाय!"

"असू द्या की. ते तिघं कानडीत म्हणत हुते, तवाच पाणी न्हाय लागलं!"

रविवारी ड्युटीला निघालो, तर रानात पन्नास माणसं आणि पुरुषभर खड्डा! माझ्या गळ्यात हार पडला.

"खडक लागलाय," गुरुसिद्धप्पाची बायको रुद्रम्मा कडाडली. "मंतर अर्धाच सोडला तुम्ही! पुरा करा, मग जावा!"

"तेन्यु, तेंश, तें, तेमुश..." पुन्हा अडलो. तेवढ्यात रस्त्यावर साहेबांची जीप थांबली. काठी टेकत म्हाताऱ्या बाई उतरल्या, थेट खड्ड्याशी आल्या आणि गरजल्या, "तेंदिश! तेंएं!"

"तेंदिश! तेंएं!" पन्नास माणसं ओरडली. बाईंनी तीनदा म्हणवून घेतलं. खालून कुणीतरी बोंबललं, "ओल लागली, ओल!"

रुद्रम्मानं माझा हार ओढून बाईंच्या गळ्यात घातला. नारळही त्यांनाच.

"साहेब, माझ्या कायमचं बघा की," मी हळूच म्हणालो.

साहेबांनी आईला विचारलं आणि हसू दाबत सांगितलं, "आई म्हणते, नापास. पुढच्या वर्षी बसू दे."

पुढच्या वर्षी सहाही रूपं घडाघडा म्हटली. पण बाई दर साली नवं क्रियापद काढायच्या! बारा वर्षांनी निवृत्त झालो, तेव्हा मला तेरा पोर्तुगीज क्रियापदं येत होती.

नोकरी हंगामीच होती.