दोरी नव्हती तरी

तुळसाबाईचं ओलं लुगडं पुन्हा धुळीत पडलं, तशी ती बादली घेऊनच अंगणात आली.

"तुमचा तो ह्योंग का फ्योंग घाला चुलीत! माही दोरी कायले खाली बांधली?"

"पोराईले वाकणं शिकवून राह्यलो," तिचा नवरा धर्मपाल म्हणाला.

ह्योंग म्हणजे कोरियातल्या मर्दानी कसरतीचा ठरलेला क्रम. वार, अडवणं, लाथ, वळण. जिथून सुरू, तिथेच शेवट. फौजेत असताना धर्मपाल तो तिथल्या छावणीत शिकला होता, किम नावाच्या दुभाष्याकडून, एका तंबूत. आता घाटंजीच्या एका शाळेत कवायत मास्तराची जागा रिकामी होती. बुद्धजयंतीला धर्मपालनं शिकवलेल्या वस्तीतल्या पोरांचा ह्योंग पाहायचा आणि मग ठरवायचं, असं शाळेचे अध्यक्ष दीनानाथपंत म्हणाले होते.

डावा पाय पुढे. अडवा. ठोसा. वळा. वाका!

पोरं सगळं करत, वाकायचं तेवढं विसरत.

"अबे, वाकणं म्हंजे ह्योंगचा जीव! दुश्मनाची तलवार डोक्यावरून जाते!"

म्हणून दोरी. दोरी दिसेना, म्हणून तिच्यावर लुगडं. लुगड्यात डोकी अडकू लागली, म्हणून तुळसाबाईनं ते कुडावर टाकलं. कुडापलीकडे शेजारच्या लालीबाईची गाय; तिनं पदरच चावून खाल्ला.

"तुह्या लुगड्यानं माही गाय दूध देईना!" लालीबाई.

"अन् माहा पदर कोण देईल?" तुळसाबाई.

डावा पाय पुढे. अडवा.

जयंतीच्या मंडपात दोरी नव्हती, तरी सगळी डोकी एकदम खाली गेली. टाळ्या! तेवढ्यात पाहुणे उठले. सुभेदार देवीलाल. तेही फौजेतून कोरियाला जाऊन आलेले.

"थांबा! हे वाकणं कायचं?"

"ह्योंगचा जीव हाय, साहेब."

"कायचा जीव! मीबी त्याच किमजवळ शिकलो, तुह्या आधी. तंबूत बनियना वाळू घालाची दोरी होती, म्हणून वाकत होतो!"

धर्मपालचा चेहरा उतरला. "मी गेलतो तवा दोरी नव्हती, साहेब. पण किम वाकत होता."

मंडप खदखदला. दीनानाथपंतांनी मान फिरवली. पदर कुरतडलेलं लुगडं नेसून बसलेली तुळसाबाई मात्र हसली नाही.

"असली ह्योंग मी दाखवतो," म्हणत सुभेदारांनी कोट काढला.

डावा पाय पुढे. अडवा. ठोसा. वळा.

सुभेदारांचं टक्कल अलगद खाली गेलं आणि वर आलं.

सुभेदार वर बघत राहिले, तिथे काहीच नव्हतं.

"साहेब," तुळसाबाई म्हणाली, "कोणाची बनियन लागली का डोक्याले?"

सगळ्यात आधी सुभेदारच हसले. मग पंत उठले. "दोघंही वाकतात, म्हणजे विद्या अस्सल आहे. धर्मपालराव, जूनपासून या."

तुळसाबाईनं दोरी पुन्हा उंच बांधली. आता ती तिच्या डोक्याच्या चांगली हातभर वर आहे.

बादली घेऊन खालून जाताना ती वाकते.