तोंडात तार आणि शेजारी इस्माईलचाचा

इस्माईलचाचांना आधी माणसातली खोट दिसते, मग माणूस. आमच्या घराला नवा रंग दिला, त्या दिवशी दोन घरांमधल्या गडग्यावर हात टेकून ते म्हणाले, "मास्तर, हा रंग दिलास की सांडलास?" त्यांना सलाम करायलासुद्धा गल्लीतली माणसं जरा जपूनच जातात.

चाचांचा जन्म जहाजावर खलाशांना ओरडण्यात गेला. आता खलाशी उरले नाहीत. चाची वारल्या, मुलगा, सून, नात कुवेतला. मग ओरडून घ्यायला शेजारी म्हणून आम्ही.

माझे खालचे दात एकमेकांवर चढलेले. जेवताना गाल चावला जायचा, म्हणून चाळिशीत दातांना तार लावायचं ठरवलं. चाचांना कळलं मात्र!

"तार? तू काय कुंपण आहेस?" त्यांनी गल्लीभर ऐकवलं. "ह्या वयात नवरदेव व्हायचंय मास्तराला!"

आणि दवाखान्यात जायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी रिक्षात बसले. "तुला एकट्याला फसवतील," म्हणाले.

दवाखान्यातल्या भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. "हिला बत्तीसपेक्षा जास्तच आहेत," चाचांनी मोठ्याने शेरा मारला. डॉक्टरीणबाई वयाने लहान. त्यांनी एक्स-रे काढला आणि गार लगद्याने भरलेला साचा माझ्या तोंडात कोंबला. मी ओकारी आवरत होतो आणि चाचा विचारत होते, "चकलीचं पीठ आहे का हो?"

पुढच्या खेपेला खरं काम. बाईंनी एकेका दातावर बारीक टिकली चिकटवली आणि त्यांतून तार ओवायला घेतली. चाचा खुर्चीला खेटून उभे.

"ह्याला बांधणं म्हणतात? आमच्या जहाजावर असतात तर उतरवलं असतं तुम्हाला."

मला त्यांची लाज वाटत होती, पण तोंडात दोन हात आणि एक नळी. बोलणार काय?

"दुखतं?" चाचांनी बाईंना विचारलं.

"तीन-चार दिवस ठणकतं. पेज, मऊ भात खायचा."

"आणि टोचतं?"

"गालाला घासतं. तिथे हे मेण लावायचं."

"कसं लावायचं? दाखवा." बाईंनी दाखवलं. "परत दाखवा."

बिचारीने परत दाखवलं. हा म्हातारा माझ्या जिवावर दंतवैद्य होऊन घरी जाणार, असं मला वाटलं.

"मोठ्यांचं ठीक असतं," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या मुलींना लाज वाटते. तोंड मिटून बसतात. हसतच नाहीत."

"किती दिवस?" चाचांचा आवाज एकदम खाली आला.

"काहींना लवकर सवय होते. काही तार निघेपर्यंत हसत नाहीत."

त्यावर चाचांनी कसलीच खोट काढली नाही. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं.

बाहेर पायरीवर त्यांनी फोन काढला. कुवेतचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर नात, सना. नाकाखाली सगळी ओढणी, हाताने घट्ट धरलेली.

"मेण लावतेस काय गो? आधी तार पुसायची, मग मेणाची गोळी दाबायची."

"दादा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला सगळं ठाऊक आहे. ओढणी काढ."

"नको ना दादा. खूप घाण दिसतं."

चाचांनी माझी मान धरली आणि फोन माझ्या तोंडासमोर आणला. "मास्तर, हस."

माझे ओठ सुजले होते, हिरड्या ठणकत होत्या. तरी मी सगळ्या टिकल्या दाखवत हसलो.

सनाने पडद्याजवळ येऊन बघितलं. मग पोरगी अशी खिदळली की तिला ओढणी सुटल्याचं भानच राहिलं नाही.

चाचांनी फोन माझ्या तोंडासमोरून ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला.

"हात खालीच ठेव बाळा," ते म्हणाले. "जरा बघू दे."