ब्रेकवर एक माणूस

गाडीचा टायमिंग बेल्ट आपणच बदलायचा, असं आवकजावकांनी ठरवलं तेव्हा त्यांना अडवायला घरात कोणी नव्हतं. सगळा घोटाळा तिथेच झाला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना सुचलेली प्रत्येक अचाट कल्पना बायकोने नुसतं "असं का?" म्हणून जागच्या जागी थंड केली होती. आता "असं का?" म्हणणारी बायको लेकीकडे होती, आणि कल्पना मोकाट सुटली होती.

(आवकजावक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात त्यांच्याकडे आवक-जावकाचं टेबल. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, यात सव्वीस वर्षं गेली आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.)

लेकीला जुळं झालं. जावयाची नोकरी फिरतीची, म्हणून बायको महिनाभरासाठी गेली. त्या महिन्याचे चार महिने झाले. दर रविवारी तिचा फोन यायचा, "अहो, अजून पंधरा दिवस राहू का?" आणि हे मोठ्या रुबाबात सांगायचे, "राहा की. माझं इथे काय अडलंय?" फोन ठेवला की मात्र चहाचे दोन कप भरायचे, चूक लक्षात आली की दुसराही स्वतःच प्यायचे. पेपर मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. बातमी अर्ध्यावर आणून थांबायचे, पण "बरं, मग?" असं विचारायला समोर कोणी नसायचं. खरं सांगायचं तर त्यांना करमत नव्हतं. अजिबात करमत नव्हतं. पण ते वाक्य बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकदाही जावक झालं नव्हतं.

मग एका रविवारी बायको म्हणाली, "पुढच्या सोमवारी येतेय. आठच दिवस हं. दाताचं काम आहे आणि थोडे कपडे न्यायचेत. परतीचं तिकीट काढलंय."

परतीचं तिकीट त्यांना खटकलं. पण आठ तर आठ! तिला स्टेशनवरून आपल्या गाडीतून आणायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी होती. पूर्वी रविवारी दोघं तिच्यातून कुठेही जायची. कुठेही म्हणजे खरोखरच कुठेही, कारण त्यांना रस्ते लक्षात राहत नसत. गॅरेजवाल्याने येऊन बॉनेट उघडलं, जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं आणि म्हणाला, "बेल्ट कुजला असणार. तो बदलल्याशिवाय चावी फिरवू नका, नाहीतर इंजिनाला रामराम. माझ्याकडे तीन आठवडे रांग आहे."

तीन आठवडे म्हणजे बायको येऊन, दात काढून परतसुद्धा गेली असती. तेव्हा आवकजावकांनी साठलेली रजा टाकली, फोनवर एका माणसाचे इंजिन खोलतानाचे व्हिडिओ पाहिले (तो माणूस हसतमुख होता, यावरूनच शंका यायला हवी होती) आणि पाने घेऊन शेडमध्ये शिरले.

पहिले तीन दिवस नुसता विजयोत्सव! जे जे निघत होतं ते ते त्यांनी काढलं. एअर फिल्टर निघाला, बॅटरी ठेवायचा ट्रे निघाला, अल्टरनेटरचा पट्टा निघाला. वायपर काढायची काहीच गरज नव्हती, पण तो इतक्या राजीखुशीने निघाला की त्यांना नाही म्हणवेना. काढलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधून ती रजिस्टरमध्ये चढवायची आणि डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरून तिथे मांडायची, अशी पद्धत. "आवक क्र. ३१, नट, लहान, गंजलेला." हे लिहिताना त्यांना एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटायचं.

चौथ्या दिवशी पुढचं चाक काढून, गाडीखाली लाकडी ठोकळे सरकवून त्यांनी त्या पोकळीत डोकं घातलं आणि क्रँक पुली समोर आली. बशीएवढी चकती आणि तिच्या बरोबर मध्ये एकच बोल्ट. तो निघाल्याशिवाय पुली निघत नाही, पुली निघाल्याशिवाय बेल्ट दिसतसुद्धा नाही. आणि बोल्ट गंजून असा बसला होता, जणू जन्मापासून तिथेच आहे.

त्यांनी गंजावरचं तेल मारलं. शिलाई मशीनचं तेल मारलं. बायकोच्या हेअर ड्रायरने त्याला अर्धा तास ऊब दिली (ड्रायर जळला, बोल्ट गार). पान्याला लोखंडी पाइप जोडून त्यावर ते चक्क उभे राहिले. तेव्हा पाना फिरला, पण पान्याबरोबर पुली फिरली, पुलीबरोबर सगळं इंजिन फिरलं, आणि आवकजावक सावकाश जमिनीवर आले.

"असं नाही निघायचं ते," शेजारचे लेथकाका कुंपणावरून म्हणाले. आयुष्य लेथ मशीनवर काढलेला माणूस. दुसऱ्याचं काम अडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई.

"मग कसं?"

"गाडी गिअरमध्ये टाका. एकाने आत बसून ब्रेक गच्च दाबायचा, दुसऱ्याने पाना मारायचा. मग इंजिन फिरत नाही. आतमध्ये माणूस लागतं हो. वहिनी कुठायत?"

"नाहीत," आवकजावक म्हणाले, आणि पाना उगाचच पुसू लागले.

"मी बसलो असतो, पण माझा गुडघा."

आता ही काय वेळ आली म्हणायची! बत्तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, समोरून बैलगाडी आली तरी नसलेला ब्रेक दाबणारी बाई, आणि असलेला ब्रेक दाबायची वेळ आली तेव्हा ती चारशे किलोमीटरवर.

त्यांनी पेडलवर विटा रचल्या. विटा घसरल्या. मग झाडूचा दांडा घेतला, एक टोक पेडलवर, दुसरं टोक स्टिअरिंगवर टेकवून घट्ट बसवला आणि पाना ओढला. गाडीने जोरात हॉर्न दिला. दांडा नेमका हॉर्नवर टेकला होता, आणि नव्याने चार्ज केलेली बॅटरी त्यांनी वायरी न सोडवताच ट्रेमधून काढून इंजिनाच्या कडेला टेकवली होती. पाना ओढला की गाडी हलायची आणि हॉर्न. सोडला की शांतता. पुन्हा ओढला की हॉर्न. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई दोनदा दारात येऊन "आले, आले!" म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

सोमवारी बायको टॅक्सीने आली. हातातली पिशवी खाली न ठेवताच तिने विचारलं, "गाडी कुठाय?"

"शेडमध्ये," आवकजावक म्हणाले. "थोडी डायनिंग टेबलवर आहे."

तिने चादर पाहिली, चिठ्ठ्या पाहिल्या. "असं का?" म्हणाली. चार महिन्यांनी ते दोन शब्द ऐकून त्यांचे डोळे भरून आले. ग्रीस गेलं म्हणत त्यांनी रुमाल लावला.

मंगळवारी सकाळी ती पदर खोचून गाडीत बसली. "कुठला दाबू?"

"मधला. गच्च. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

आवकजावक चाकाच्या पोकळीत शिरले, पाइप धरला, दात आवळले आणि ओढलं. कट्ट! पहिल्याच झटक्यात बोल्ट सुटला. सहा दिवस छळणारा बोल्ट, पुढे नुसत्या बोटांनी फिरू लागला, आणि बघता बघता तळहातावर आला. ते आनंदाने ओरडणारच होते, एवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, काय बरं वाटतंय इथे बसून! चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी हाक मारत नाहीये."

आवकजावकांनी बोल्ट मुठीत लपवला.

"निघाला का?"

"छे!" ते म्हणाले. "फार जाम आहे. दोन-तीन दिवस लागतील."

तोंडाने ते खोटं बोलले खरे. पण रजिस्टरमध्ये खोटं लिहिणं वेगळं, तो त्यांचा पिंडच नव्हता. दुपारी बायको दातवाल्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी सरळ नोंद केली: "आवक क्र. ६३, क्रँक पुलीचा बोल्ट, मंगळवार, सकाळी ९.२०." मग बोल्ट नेऊन हलक्या हाताने परत लावून ठेवला.

पुढचे दिवस मोठे सुखाचे गेले. रोज सकाळी ती ब्रेकवर आणि ते पोकळीत. ती जुळ्यांचं सांगायची. थोरला हसतो कसा, धाकटा रडायच्या आधी ओठ कसा काढतो. हे ऑफिसातलं सांगायचे आणि दर पाच मिनिटांनी पाना कशावर तरी आपटून "हुं!" करायचे. चेहरे दिसत नसले की बोलणं किती सोपं जातं, हे त्यांना या वयात कळलं. गुरुवारी लेथकाका पुली ओढायचा तीन पायांचा पुलर घेऊन हजर झाले आणि त्यांनी आत वाकून सहज बोल्टला बोट लावलं. बोल्ट गर्रकन फिरला.

"अहो, हा तर—"

"गुडघा कसा आहे?" आवकजावक ओरडले.

"गुडघा बराय. पण हा बोल्ट—"

"गुडघ्याला जपा! घरी जा, शेक घ्या!" आणि त्यांनी काकांना पुलरसकट फाटकाबाहेर पोचवलं.

शुक्रवारी त्यांनी हिय्या केला. पोकळीत डोकं अगदी खोल घातलं, डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "तू नसलीस की मला या घरात करमत नाही. मी राहा म्हणतो ते सगळं खोटं असतं. तो सतरा नंबरचा पाना दे गं जरा. मला तू इथे हवी असतेस." मग ते बाहेर आले आणि काचेतून डोकावले. बायकोची मान कलली होती, डोळे मिटलेले, श्वास संथ. पाय तेवढा ब्रेकवर गच्च. ते परत आत शिरले आणि "हुं" करायलाही विसरले.

रविवारी संध्याकाळी बॅग भरता भरता ती म्हणाली, "उद्या माझी दहाची गाडी. तो बोल्ट आता काढून टाका बाई."

"निघत नाही ना गं. जोर लावतोय रोज."

"मंगळवारी नऊ वीसला निघालाय तो."

आवकजावक पलंगावर बसलेच. "तू रजिस्टर वाचलंस?"

"टेबलवर दोन ताटांपुरती जागा करत होते, तेव्हा दिसलं. मंगळवारीच."

"मग रोज येऊन का बसत होतीस?"

"बसावंसं वाटलं," ती म्हणाली, आणि घडी घातलेली साडी मोडून पुन्हा घडी घालू लागली.

ते रात्रभर विचार करत राहिले. तिला बोल्टचं माहीत होतं. पण जे खरं सांगायचं होतं ते तर तिच्या झोपेत वाया गेलं. आता ती पुन्हा चार महिने जाणार, आणि ते वाक्य पुन्हा त्यांच्याच टेबलावर पडून राहणार.

सकाळी टॅक्सी आली. बॅग मागे गेली, बायको आत बसली, दार लागलं. कुंपणाशी लेथकाका उभे, समोर मास्तरीणबाई. आवकजावक खिडकीशी वाकले. इथे ना पोकळी होती ना बॉनेट. तिचा चेहरा वीतभर अंतरावर, आणि टॅक्सीवाला आरशातून बघत होता. तरी ते बोलले. सगळं, पहिल्यापासून, कुठेही न अडखळता, जरा मोठ्यानेच. करमत नाही. राहा म्हणतो ते खोटं. तू इथे हवी असतेस. टॅक्सीवाल्याने रेडिओ बंद केला. लेथकाका आपला गुडघा निरखू लागले.

बायकोने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. खिडकीवर ठेवलेल्या त्यांच्या काळ्याकुट्ट हातावर स्वतःचा हात ठेवला.

"जुळ्यांना सांभाळायला बाई मिळालीय. महिनाअखेर मी कायमची येते," ती म्हणाली. "आणि शुक्रवारपेक्षा आज बरं बोललात. शुक्रवारी मध्येच माझ्याकडे सतरा नंबरचा पाना मागितला होतात."