समोरच्या खुर्चीतला

फोटो थोडासा कापायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

सुट्टीत लेक घरी येणार नव्हती. (यीनिंग चेंगडूला नोकरी करते, तिला कायम काम असतं.) तिचे बाबा गेल्यापासून लोयांगच्या घरात मी आणि भाताचा कुकर, आणि त्यातला कुकर जास्त बोलतो. म्हणून एकटीच फिरायला निघाले. शीआनच्या तटावरून घरच्या ग्रुपवर लिहिलं, भिंत इतकी रुंद आहे की वर सायकली चालवतात. यीनिंगने अंगठा पाठवला. चोंगचिंगहून लिहिलं, रस्त्यावरून सरळ इमारतीत शिरले तर तो म्हणे दहावा मजला, लिफ्टने तळाला गेले तर तिथेही रस्ताच. पुन्हा अंगठा. तोच असावा.

संध्याकाळी तिखट रस्सा खायला गेले; तो टेबलावरच उकळत असतो, त्यात मांस-भाजी शिजवून खायची. चौघांच्या टेबलाला मी एकटी. वाढणाऱ्या मुलीने न विचारता माझ्यासमोरच्या खुर्चीत भलंमोठं कापडी अस्वल आणून बसवलं. एकट्या गिऱ्हाइकाला सोबत. त्याला ॲप्रन बांधला, पुढ्यात वाटी ठेवली. शेजारी सगळी भरली कुटुंबं. मी अस्वलाला म्हटलं, "घ्या."

फोटो काढला, पण अस्वल घरच्यांना दाखवायची लाज वाटली. म्हणून कापला. उरलं काय, तर उकळता रस्सा, दुसरी वाटी आणि एक तपकिरी कोपर.

ताईने लगेच लिहिलं, कोट चांगल्या लोकरीचा दिसतोय, माणूस बऱ्या घरचा असणार. मी खुलासा लिहायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. अंगठा नव्हे, अख्खी यीनिंग.

"आई, कोण आहे तो?"

"इथेच भेटला."

"दारू पितो?"

"थेंबभर नाही."

"बोलायला कसा आहे?"

"मध्ये तोंड घालत नाही. सगळं ऐकून घेतो."

"बाबांसारखा नाही म्हणजे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी. तिथे खरं सांगायला हवं होतं, कळत होतं मला. पण सांगितलं असतं तर फोन संपला असता.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "बघायचंय मला त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला त्याच टेबलाशी नेऊन बसवलं. वाढणारी मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आज तुमच्यासोबत माणूस आहे ना, म्हणून त्याला तिकडे बसवलंय."

तिकडे खिडकीशी एक एकटी बाई त्याच्या वाटीत भाजी वाढत होती.

यीनिंगने मान वळवून तिकडे बघितलं. मला वाटलं, आता उठते आणि थेट स्टेशन गाठते.

"आई," ती म्हणाली, "बाई तुझ्यापेक्षा तरुण आहे गं." आणि मांसाचा पहिला तुकडा तिने माझ्या वाटीत घातला.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. पुढच्या सुट्टीचं बघते म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मुलगी म्हणाली, "मावशी, आज तो मोकळा आहे." मी नको म्हटलं. बाईने थोडा तरी मान राखायला हवा.

(रस्सा उकळेपर्यंत राखला.)